‘माझ्यावर’ म्हणजे दर वेळी ‘ऑन मी’ नाही: इंग्रजीतल्या दोन शब्दांच्या जोड्या आणि आपली अडचण

अबोलीची_वेणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय पण समजून घ्या.

मी साताऱ्याजवळच्या एका गावात संध्याकाळी बायकांची इंग्रजी बोलण्याची बॅच घेते. समाजमंदिरात बसतो, अकरा जणी आहेत, कुणी अंगणवाडीत आहे, कुणी डबे करते, दोघी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. आणि एक आजी आहेत. त्यांचा नातू कॅनडात जन्मला, त्याला मराठी समजत नाही, त्याच्याशी फोनवर बोलता यावं एवढ्यासाठी त्या येतात, एक दिवस चुकवत नाहीत.

तर गेल्या आठवड्यात आजींनी नातवाला सांगितलं, ‘वेट माय’. त्यांना म्हणायचं होतं माझी वाट बघ, चष्मा घेऊन येते. नातवाला काही कळेना, तो म्हणे माय व्हॉट? आजी दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्यापुढे, अगं ‘माझी’ म्हणजे ‘माय’च ना, तूच शिकवलंस. खरं होतं त्यांचं. मीच शिकवलं होतं.

मग मी आठवडाभर सगळ्यांच्या चुका लिहून काढल्या आणि लक्षात आलं की काळ वगैरे बायका पटकन उचलतात, अडतात ते एकाच जागी, क्रियापदाच्या पुढे जे दोन इवलेसे शब्द येतात ना तिथे. टू मी, फॉर हिम, विथ अस, ॲट हर. एक म्हणते ‘लिसन मी’, दुसरी म्हणते ‘टेल टू मी’, तिसरी ‘ही इज अँग्री ऑन मी’, आणि डबे करणारी म्हणाली ‘निअर मी नो सुट्टे’.

यातली एकही चूक उगाच आलेली नाही, प्रत्येकीच्या मागे एक अस्सल मराठी वाक्य उभं आहे. माझं ऐक, मला सांग, माझ्यावर रागावलाय, माझ्याजवळ सुट्टे नाहीत. आपल्याकडे सर्वनाम आणि त्याला लागणारा शब्द एकजीव होऊन जातात, ‘माझ्याकडे’ हा आपल्याला एकच शब्द वाटतो, त्यात ‘मी’ कुठे संपला आणि ‘कडे’ कुठे सुरू झालं हे बोलताना कुणाच्या मनातही येत नाही. इंग्रजीत ते दोन सुटे शब्द, तेही उलट्या क्रमाने, आणि कुठल्या क्रियापदाला कोण लागतं ते आपल्याशी जुळेलच असं नाही.

आणखी एक अडचण, ही मला कुठल्याच पुस्तकात लिहिलेली दिसली नाही. माझ्या बायका उच्चार देवनागरीत लिहून घेतात. तेव्हा वहीत येतं ‘फॉर मी’, ‘टू मी’. आता हा ‘मी’ म्हणजे इंग्रजी मी, अर्थ ‘मला’. पण डोळ्याला दिसतो आपला मराठी मी! त्यामुळे दोघीतिघी सरळ ‘मी टेल यू’, ‘मी गो’ असं बोलायला लागल्या. आता मी तो इंग्रजी ‘मी’ लाल पेनाने लिहायला लावते. (या धाग्यातही अवतरणातला मी इंग्रजी समजा.)

प्रश्न असा की हे शिकवायचं कसं? नियम आहे का काही, की एकेक जोडी पाठच करायची? तुम्ही कसे शिकलात तेही सांगा.

सातवी_ब_चा_बाबा

खूप गरजेचा धागा ताई. माझी मुलगी सेमी इंग्लिशला आहे आणि तिचंही नेमकं इथेच अडतं. ‘ही टोल्ड टू मी’ लिहिते, ‘ही सेड मी’ लिहिते, म्हणजे जिथे टू नको तिथे घालते आणि हवा तिथे काढते. शाळेत लाल गोल मिळतो पण का चुकलं ते कुणी सांगत नाही, आणि मलाही सांगता येत नाही, मला फक्त कानाला खटकतं.

खडूफळा

अबोलीताई, मी एकतीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होतं, पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, पण ही चूक आधीही होती आणि नंतरही तशीच राहिली, कारण ती वर्गातून येत नाही, आपल्या ‘ला’मधून येते.

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला असेल त्यांना आठवेल, द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते. म्हणजे ‘त्याने मला पाहिलं’ यातला मला आणि ‘त्याने मला पुस्तक दिलं’ यातला मला दिसायला एकच. इंग्रजीतही ‘मी’ हे रूप दोन्हीकडे तेच राहतं, फरक एवढाच की दुसऱ्या जातीच्या वाक्यात कधी टू लागतो, कधी नाही. मुलं काय करतात, ‘ला म्हणजे टू’ असं एक समीकरण मनात पक्कं करतात आणि सगळीकडे लावत सुटतात. आस्क टू मी, टेल टू मी, कॉल टू मी, हेल्प टू मी.

मी वर्गात क्रियापदांची दोन घरं करायचो. पहिल्या घरातली क्रियापदं माणसाला थेट भिडतात, मधे कुणी लागत नाही: टेल मी, आस्क मी, हेल्प मी, शो मी, गिव्ह मी, आन्सर मी, मीट मी, मॅरी मी. दुसऱ्या घरातल्यांना माणसापर्यंत पोचायला टू लागतोच: से टू मी, एक्स्प्लेन टू मी, स्पीक टू मी, लिसन टू मी, रिप्लाय टू मी. बाबा, तुमच्या मुलीचं उत्तर इथेच आहे, टेल पहिल्या घरातलं आणि से दुसऱ्या घरातलं, अर्थ जवळजवळ एकच पण घरं वेगळी.

‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ या दोन चुका तर मी पदवीधरांच्या अर्जातही पाहिल्यात. सजेस्टचं सगळ्यात सोपं म्हणजे माणूसच गाळा, ‘कॅन यू सजेस्ट अ गुड हॉटेल’ एवढं पुरतं, कुणाला सुचवायचं ते उघडच आहे.

आणि त्या आजींचं ‘वेट माय’ ही माझ्या मते फार हुशार चूक आहे. माझी वाट बघ, माझं ऐक, मराठीत या दोन्ही ठिकाणी षष्ठी आहे. त्यांनी षष्ठीला षष्ठी लावली. त्यांना फक्त एवढं सांगा की इंग्रजीत माय पुढे वस्तू आल्याशिवाय उभा राहत नाही. माय बॅग, माय सन. पुढे काही नसेल तर माय नाही.

तारकर्लीचा_खलाशी

सर, कॉल टू मी वरून सांगतो. माझं तारकर्लीला छोटं होमस्टे आहे, परदेशी पाहुणे पण येतात. मी सगळ्यांना मेसेज टाकायचो, ‘प्लीज कॉल टू मी व्हेन यू रीच’. कुणी काही बोललं नाही कधी कारण अर्थ लागतो. पण एकदा एक आजोबा आले, इंग्लंडमधे शिक्षक होते, जाताना शांतपणे सांगून गेले की कॉल मी म्हणजे फोन कर, आणि कॉल टू मी म्हणजे लांबून हाक मार. तेव्हापासून मेसेज बदलला.

आमच्या मालवणीत मला म्हणजे ‘माका’, तुला म्हणजे ‘तुका’. माका सांग, माका दी, माका बगलंन, सगळीकडे माकाच. म्हणजे खडूफळा सर म्हणतात तो ‘ला’चा घोळ आमच्याकडे ‘का’चा. दुसऱ्या घरातल्या क्रियापदांची यादी मोठी द्या ना सर, मी भिंतीवर लावतो.

अबोलीची_वेणी

सर, दोन घरं ही कल्पना आजच वापरते, मनापासून आभार. आजींना ‘माय’पुढे वस्तू हवी हे लगेच पटेल, त्यांना घरातल्या उदाहरणावरून पटकन कळतं.

पण ‘ला’ एकवेळ आवरता येईल, मला खरी धास्ती ‘वर’ची आहे. काल रात्री बसून लिहिलं, बघा. माझ्यावर अवलंबून आहे: डिपेंड्स ऑन मी, इथे वर म्हणजे ऑन बरोबर जुळतं आणि तिथेच घात होतो कारण मग विश्वास बसतो. माझ्यावर रागावला: अँग्री विथ मी, किंवा ॲट मी. माझ्यावर ओरडला: शाउटेड ॲट मी. माझ्यावर हसले: लाफ्ड ॲट मी. माझ्यावर विश्वास ठेव: ट्रस्ट मी, यात तर काहीच नाही! माझ्यावर प्रेम करतो: लव्ह्ज मी, पुन्हा काही नाही. माझ्यावर लक्ष ठेव: कीप ॲन आय ऑन मी, परत ऑन आलं.

एका ‘वर’ला तीन वाटा. बायका विचारतात यात तत्त्व काय, आणि मला गप्प बसावं लागतं.

लीड्सकर

तत्त्व पूर्ण नाही पण ॲटचं थोडं सांगू शकतो, मी चौदा वर्षं इंग्लंडमधे आहे आणि हे मला माझ्या मुलाच्या क्रिकेटच्या मैदानावर कळलं.

प्रशिक्षक मुलांना ओरडून सांगत होता, ‘थ्रो इट टू हिम, नॉट ॲट हिम!’ टू हिम म्हणजे त्याच्याकडे फेक, त्याला झेलता यावा असा. ॲट हिम म्हणजे त्याच्या अंगावर फेक, तो माणूस नेम धरायची जागा झाला. शाउटचंही तेच. शाउटेड टू मी म्हणजे लांब होतो म्हणून मोठ्याने सांगितलं, शाउटेड ॲट मी म्हणजे मला झापलं. ॲटमधे रोख आहे, मग नजरेचा असो, रागाचा असो, हसण्याचा असो. लुक ॲट मी, स्माइल ॲट मी, लाफ ॲट मी, पॉइंट ॲट मी. समोरच्याने काही घ्यायचं असेल, निरोप किंवा वस्तू, तर टू. दर वेळी बसेलच असं नाही पण मला याचा खूप उपयोग झाला.

आता ऑन. इथे ऑन मी चा एक वापर आहे जो मला शिकायला वर्षं गेली. ‘माय फोन डाइड ऑन मी’, ‘शी हंग अप ऑन मी’, ‘ही वॉक्ड आउट ऑन देम’. इथे ऑन म्हणजे वर नाहीच, घडलं ते आणि त्याची झळ कुणाला बसली ते ऑन सांगतं. मराठीत आपण तिथे ‘माझा’ घालतो आणि कधी वाक्याच्या शेवटी टाकतो, ‘ऐन वेळी गाडी बंद पडली माझी’. त्या शेवटच्या माझीत जी हळहळ आहे ती इंग्रजीत ऑन मी मधे आहे. पण ‘इट्स ऑन मी’ एवढंच कुणी हॉटेलात म्हणालं तर बिल तो भरतोय.

आणि ताई, ‘निअर मी नो सुट्टे’ म्हणणाऱ्यांना सांगा, ‘आय डोन्ट हॅव एनी चेंज ऑन मी’. अंगावर, खिशात, आत्ता या घडीला नाहीत. ऑन मी काढलं तरी चालतं, पण घातलं की आपलं ‘माझ्याजवळ’ जसंच्या तसं उतरतं.

शब्दवेल्हाळ

वा, धागा रंगतोय. यात थोडा इतिहास घालतो कारण मला वाटतं त्याने काही गोष्टी मनात राहतात.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखीच विभक्ती होती, नामांनासुद्धा. पुढे नामांचे प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचं बरंचसं काम टू, फॉर, ऑफ, विथ यांच्याकडे आलं. पण सर्वनामांनी जुना अंगरखा सोडला नाही. म्हणून आजही आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम अशा जोड्या आहेत. ‘टू ही’ का म्हणत नाहीत याचं उत्तर एवढंच, की प्रेपोझिशनच्या (टू, फॉर यांसारख्या शब्दाच्या) पुढे आलेलं सर्वनाम सामान्यरूप घेतं, जसं आपण ‘तोसाठी’ म्हणत नाही, त्याच्यासाठी म्हणतो. बायकांना हे लगेच समजेल, तो चं त्या होतं तसं ही चं हिम होतं. यू ला मात्र दोन रूपं उरली नाहीत. पूर्वी होती, कर्त्याला यी आणि बाकी सगळीकडे यू, पण यू ने दोन्ही जागा घेतल्या.

देम तर मूळ इंग्रजीही नाही, व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर भागात वसले त्यांच्या नॉर्स भाषेतून ते आलं. त्याआधीचं इंग्रजी रूप होतं हेम, आणि बोलताना गोरी माणसं ‘लेट देम’ला ‘लेटम’ म्हणतात ना, त्यातला तो अम हा त्या जुन्या हेमचाच उरलेला तुकडा आहे. म्हणजे ती हयगय नाही, देमपेक्षा जुनं रूप आहे ते.

आणि विथ. जुन्या इंग्रजीत विथचा अर्थ होता ‘विरुद्ध’! बरोबर या अर्थी दुसराच शब्द होता, मिड, तो गेला आणि विथने त्याचं काम घेतलं. पण जुना अर्थ पुरता गेला नाही. ‘ही फॉट विथ हिम’ म्हणजे तो त्याच्याशी लढला की त्याच्या बरोबरीने लढला, दोन्ही होऊ शकतं. मराठीत ‘त्याच्याशी’ आणि ‘त्याच्याबरोबर’ हे दोन वेगळे शब्द आहेत म्हणून आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही. अँग्री विथ मी यातला विथ का, याचं आश्चर्य वाटत असेल तर हा जुना अर्थ आठवा.

सातवी_ब_चा_बाबा

मुलीला दोन घरांचं सांगितलं, तिने स्वतःच यादी केली, डिस्कस कुठे घालू विचारत होती, डिस्कस अबाउट इट की डिस्कस इट?

आणि दुसरं, आमच्या ऑफिसात सगळे मोठ्या रुबाबात ‘बिट्वीन यू अँड आय’, ‘प्लीज सेंड इट टू राहुल अँड आय’ म्हणतात. मला वाटायचं तेच शुद्ध, ‘मी’ गावठी. बरोबर काय?

खडूफळा

डिस्कस इट. अबाउट नको, पहिल्या घरात.

बिट्वीन यू अँड मी बरोबर. सेंड इट टू राहुल अँड मी बरोबर. परीक्षा सोपी आहे, राहुलला क्षणभर बाजूला काढा, सेंड इट टू आय म्हणाल का? नाही ना. मग राहुल शेजारी येऊन बसला म्हणून ‘मी’चं आय होत नाही. लहानपणी ‘राहुल अँड मी वेंट’ला मास्तर रागावतात, तिथे आय हवंच असतं कारण तिथे कर्ता आहे, पण मूल शिकतं की अँडच्या पुढे नेहमी आय. भीतीने शिकलेला नियम भलतीकडे लागतो. माझ्याही वर्गात हे झालंय, मी सुद्धा असाच रागावायचो आणि कारण सांगायचो नाही, त्याची आज खंत वाटते.

मात्र जे तसं बोलतात त्यांना कमी लेखू नका, ही सवय फार जुनी आहे, शेक्सपियरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमधल्या एका पत्रातही बिट्वीन यू अँड आय आहे. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘मी’च लिहा.

मराठीत आपण किती सुंदर सोडवलंय बघा हे, ‘तुझ्यामाझ्यात’. दोन्ही सर्वनामं वाकली, एक प्रत्यय दोघांना पुरला.

आयर्लंडची_सिस्टर

सगळं वाचून काढलं एका बैठकीत, नाइट ड्युटीच्या आधी. मी आयर्लंडमधे नर्स आहे, मूळची नांदेडची.

इथे आल्यावर पहिले काही महिने मला वाचलेलं इंग्रजी कळायचं आणि ऐकलेलं कळायचं नाही, आणि ते नेमकं या जोड्यांमुळेच. कारण बोलताना हे दोन शब्द कुणी सुटे उच्चारतच नाही. ‘गिव्ह हिम’ म्हणजे गिव्हिम. ‘टेल हर’ म्हणजे टेलर. ‘कीप ॲन आय ऑन हिम’ यातलं शेवटचं फक्त ऑनिम ऐकू येतं. मी कान देऊन हिम आणि हर शोधायची आणि तो ह कधी यायचाच नाही. पेशंटच्या बाबतीत हिम की हर हे चुकून कसं चालेल, म्हणून मी प्रत्येक वेळी नाव विचारून खात्री करायची, अजूनही करते. एका वयस्क सिस्टरने मला समजावलं, जोर क्रियापदावर असतो, सर्वनामावर जोर आला तर समज की फरक दाखवायचाय, ‘गिव्ह इट टू हिम’ असं हिम ठासून म्हटलं तर त्यालाच दे, दुसऱ्याला नको. अबोलीताई, तुमच्या बायकांना ‘फॉर, मी’ असं तोडून शिकवू नका, एका श्वासात म्हणायला लावा, ‘फर्मी’, ‘टमी’. आपल्याला जोडून बोलायची सवय आहेच, माझ्यासाठी, माझ्याकडे, ती इथे कामाला येते.

आता जे सांगायला मुळात लिहायला बसले ते. इथली जी जुनी आयरिश भाषा आहे, पाट्यांवर सगळीकडे दिसते, तिच्यात सर्वनाम आणि प्रेपोझिशन खरोखरच चिकटून एक शब्द होतो. ‘अगम’ म्हणजे माझ्याकडे, ‘ओरम’ म्हणजे माझ्यावर, ‘लम’ म्हणजे माझ्याबरोबर. आणि त्यांच्याकडे ‘असणे’ या अर्थी हॅवसारखं क्रियापदच नाही! माझ्याकडे पुस्तक आहे हे ते शब्दशः असंच म्हणतात, पुस्तक आहे माझ्याकडे. भूक लागली तर म्हणतात भूक आहे माझ्यावर. सॉरीला ‘ता ब्रोन ओरम’, म्हणजे दुःख आहे माझ्यावर. माझ्याबरोबरच्या एका सहकारी बाईंनी हे शिकवलं तेव्हा मी त्यांना ‘माझ्याकडे’ लिहून दाखवलं, त्यांना फार आनंद झाला, म्हणाल्या तुमचंही आमच्यासारखंच आहे की.

लीड्सकर म्हणतात ते डाइड ऑन मी इथे तर ऊठसूट ऐकू येतं.

भाषांतरवाली

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, त्या बाजूने एक गोष्ट घालते कारण ती इथे कुणी काढली नाही आणि मला ती मराठीची मोठी श्रीमंती वाटते.

‘ही पुट द बॅग बिसाइड हिम.’ कुणाच्या शेजारी? स्वतःच्या, की दुसऱ्या कुणा पुरुषाच्या? इंग्रजी वाक्य एकटं वाचून कळत नाही, मागचापुढचा मजकूर बघावा लागतो. मराठीत मी लिहिते ‘त्याने पिशवी आपल्याजवळ ठेवली’ किंवा ‘त्याच्याजवळ ठेवली’, आणि विषय संपतो. बोलताना आपण पहिल्या अर्थीही त्याच्याजवळ म्हणून जातो हे खरं, पण भाषेत सोय आहे.

आता उलट्या दिशेने जाणाऱ्याचा घोटाळा असा, की आपल्याजवळ म्हणजे बिसाइड हिमसेल्फ असं करावंसं वाटतं. पण ‘ही वॉज बिसाइड हिमसेल्फ’ म्हणजे दुःखाने किंवा रागाने तो भान हरपून गेला होता! जागा सांगताना इंग्रजीत साधं हिमच येतं: शी लुक्ड बिहाइंड हर, आय हॅव इट विथ मी. सेल्फ लावलं की अर्थ वेगळ्याच वाटेने जातो. बाय हिमसेल्फ म्हणजे एकटा किंवा कुणाच्या मदतीशिवाय. कीप इट टू युवरसेल्फ म्हणजे कुणाला सांगू नकोस.

आणि ‘कम विथ अस’. यातला अस म्हणजे आमच्याबरोबर, कारण ज्याला बोलावतोय तो अजून आपल्यात नाही. पण ‘इट डिपेंड्स ऑन अस’ म्हणजे आमच्यावर की आपल्यावर? इथे मला प्रत्येक वेळी थांबून ठरवावं लागतं की ऐकणारा त्यात धरलाय का. एक शब्द चुकला तर आख्खा संवाद परका होतो.

तारकर्लीचा_खलाशी

पिक मी अप आणि पिक अप मी चं कुणीतरी सांगा. गेस्ट लिहितात ‘कॅन यू पिक अस अप ॲट कुडाळ’, मग मी उत्तर देतो ‘येस आय विल पिक अप यू’. चुकतंय एवढं कळतं.

लीड्सकर

आय विल पिक यू अप. छोटं सर्वनाम असेल तर ते मधे बसतं. पिक अप द गेस्ट्स चालतं, पिक द गेस्ट्स अप पण चालतं, पण यू, मी, हिम, इट हे फक्त मधेच. ड्रॉप मी ऑफ, टर्न इट ऑफ, कॉल हिम बॅक.

मग ‘लुक मी आफ्टर’ का नाही? कारण लुक आफ्टरमधला आफ्टर खरा प्रेपोझिशन आहे, तो आपलं सर्वनाम पुढेच घेतो, लुक आफ्टर मी. पिक अपमधला अप क्रियापदाचा साथीदार आहे, तो मागे सरकू शकतो. ओळखायची युक्ती तीच, नाम घालून सरकवून बघा. लुक द बेबी आफ्टर असं कुणी म्हणत नाही, म्हणजे सरकत नाही.

आणि जागा बदलली की अर्थ किती बदलतो बघा, हे मला फार आवडतं. सी थ्रू हिम म्हणजे त्याचं ढोंग ओळखणं. सी हिम थ्रू म्हणजे अडचणीतून पार पडेपर्यंत त्याला साथ देणं. गेट ओव्हर इट म्हणजे सावर आता त्यातून. गेट इट ओव्हर विथ म्हणजे उरकून टाक एकदाचं. शब्द जवळजवळ तेच.

गिव्ह मी इट की गिव्ह इट टू मी असंही कुणी विचारेल म्हणून सांगून ठेवतो, गिव्ह इट टू मी सगळीकडे चालतं. आमच्या यॉर्कशरमधे ‘गिव्ह इट मी’ सर्रास म्हणतात, ऐकलं तर दचकू नका, पण परीक्षेत लिहू नका.

अबोलीची_वेणी

दोन आठवड्यांनी येतेय, मधे लग्नसराई होती, बॅच बंद होती.

काय काय केलं ते सांगते. दोन घरं फळ्यावर काढली, बायकांनी स्वतःच क्रियापदं आणून भरली. सिस्टरताईंचं ऐकून तोडून शिकवणं बंद केलं, आता आम्ही जोड्या टाळीवर म्हणतो, एका टाळीला एक जोडी, टमी, फर्मी, विथस. पहिल्या दिवशी लाजत होत्या, तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातली पोरं दारात उभी राहून म्हणायला लागली. डबेवाल्या ताईंनी ‘ऑन मी’ एकदम उचललं. ‘वर’चं मात्र पाठच करतोय, रोज तीन.

आजींनी परवा नातवाला ‘वेट फॉर मी’ सांगितलं आणि तो थांबला.

पण त्याच फोनवर तो म्हणाला ‘आय मिस यू’. मी अर्थ सांगितला, मला तुझी आठवण येते. आजी वहीत बघत बसल्या आणि म्हणाल्या, अगं आपल्या वाक्यात ‘मला’ आहे, ‘तुझी’ आहे, आणि याच्यात टू नाही, फॉर नाही, मी नाही, युवर नाही. यातलं ‘मला’ गेलं कुठे? मला उत्तर देता आलं नाही. आहे का कुणाकडे?

शब्दवेल्हाळ

आजींना माझा नमस्कार सांगा, फार नेमकं विचारलंय.

इंग्रजीतही एके काळी असं ‘मला’ होतं. मेथिंक्स हा जुना शब्द आहे, तो अख्खा म्हणजे आपलं ‘मला वाटतं’. त्यातला मी कर्ता नाही, ‘मला’च आहे, आणि थिंक्स म्हणजे तिथे विचार करणं नव्हे, वाटणं, भासणं. आवडण्याचंही तसंच, पूर्वी रचना होती ‘मला ते रुचतं’ अशी. पुढे नामांच्या विभक्ती झिजल्या, वाक्यात पहिल्या जागेवर येईल तो कर्ता अशी सवय पडली, आणि पहिल्या जागेवरचं ते ‘मला’ हळूहळू ‘आय’ झालं. आय लाइक असंच आलं. आपल्याकडे अजून वाटतं, आवडतं, आठवतं, भूक लागते, राग येतो, हे सगळं आपल्याकडे येतं, म्हणून मला. इंग्रजीत ते माणूस करतो, म्हणून आय.

मिस हे क्रियापद मात्र मुळात चुकणं, हुकणं या अर्थाचं, त्याची वाट वेगळी. पण आजींना समजावताना एवढं सांगितलं तरी पुरे, की जिथे आपल्या मनात काही येतं तिथे आपलं ‘मला’ इंग्रजीत बहुतेक वेळा ‘आय’च्या जागी बसलेलं असतं.

अबोलीची_वेणी

आत्ताच बॅच संपवून आले. सांगितलं जसंच्या तसं. आजींनी वहीत आय मिस यू लिहिलं, आणि ‘आय’च्या खाली लाल पेनाने बारीक अक्षरात ‘मला’ लिहून ठेवलं. मग आय लाइकच्या खाली पण. आय थिंकच्या खाली पण. उद्या नातवाचा फोन आहे, आय ॲम हंग्रीच्या खाली काय लिहू विचारतायत.